फिनाईलशिवायचं घर

आमच्या घरात फिनाईलला बंदी होती. सासऱ्यांना त्या वासाने खोकल्याची उबळ येते, हे लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मला सांगण्यात आलं. सासूबाई आधीच गेलेल्या. नवरा सकाळी ऑफिसला पळायचा, की हडपसरच्या त्या चौथ्या मजल्यावर उरायचो सासरे, मी आणि लिंबं.

लिंबं मार्केट यार्डातून पिशवीभर यायची. रस सरबताला, साली माझ्या नशिबाला. साली आणि कडुलिंबाचा पाला उकळायचा, त्या पाण्याने फरशी पुसायची. टँकरच्या पाण्याने नळांवर पांढरे थर धरायचे, त्यांवर अर्धं लिंबू घासत बसायचं. सिंकला खायचा सोडा, तांब्या-पितळेला चिंच, आरशाला व्हिनेगर आणि जुना पेपर. "काय गुणाची सून आहे हो, पैशाचा खर्च नाही," असं येणारेजाणारे म्हणायचे. डोंबलाचा गुण! नखांच्या कडा चिरल्या होत्या माझ्या, कणीक मळताना मीठ लागलं तरी जीव जायचा.

बाई ठेवावी तर एकही टिकायची नाही. शेवटच्या मावशींनी तर फडकं बादलीत टाकून सरळच विचारलं, "ताई, फेस नाय, वास नाय, मग फरशी पुसली म्हनायचं तरी कसं? दुसऱ्या घरी निम्म्या वेळात होतंय." त्या गेल्या आणि ते फडकं परत माझ्या हातात आलं.

लग्नाआधी मी अमरावतीला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होते. तसंच काम स्वारगेटजवळ मिळत होतं. सोमवारी रुजू व्हा, नाहीतर दुसरं कुणी बघतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. लॅब सकाळी सातला उघडणार, उपाशीपोटी आलेले लोक थोडेच थांबतात? नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "कर की. फक्त बाबांचं बघ." बाबांचं बघ! फिनाईल नाही म्हणून बाई नाही, आणि बाई नाही म्हणून मी घरात. वर सगळे कौतुक करणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शनिवारी नात्यात साखरपुडा होता. कार्यालयात पहिली पंगत उठली आणि एक माणूस फिनाईलचा पोछा मारत आला. असला उग्र वास, की माझेच डोळे चुरचुरले. सासऱ्यांनी त्याच्यासाठी दोन्ही पाय वर उचलले, पोछा खालून गेला, पाय खाली ठेवले आणि शेजारच्याला पुढचा किस्सा सांगायला लागले. मी समोर बसून त्यांच्या खोकल्याची वाट बघत होते. जिलबी झाली, मठ्ठा झाला. खोकला काही आला नाही.

रविवारी सकाळी मी वाण्याकडून फिनाईल आणलं. सासरे आंघोळीला गेल्यावर हॉल पुसून घेतला. ते आले, बसले, चहा प्यायले, पेपर वाचला. शांत. मग मी ती बाटली त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवली. त्यांनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आली की उबळ!

"बाबा, काल कार्यालयात नाही आली ती?"

खोकला थांबला. पेपरची घडी घातली, परत उलगडली.

"कार्यालयात माणसं होती," ते म्हणाले.

मी रात्रभर भांडणाची तयारी केली होती. एकेक वाक्य पाठ होतं. त्यातलं एकही कामाला आलं नाही. चीड आली, दया आली, आणि दया आली म्हणून जास्तच चीड आली. निदान खोटं तरी नीट बोलायचं होतं ना! मी आत जाऊन मावशींना फोन लावला, म्हटलं, फिनाईल आणलंय, उद्यापासून या.

सोमवारी निघताना सासरे दारापाशीच खुर्ची घेऊन बसले होते.

"येते मी, बाबा. मावशी येतील आठला."

"जा की. कोण अडवतंय?"

मी दार ओढून घेतलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. आतून खोकला सुरू झाला. त्या दिवशी घरात फिनाईलचा थेंब सांडलेला नव्हता, मी पहाटे उठून सवयीने लिंबाच्याच पाण्याने पुसलं होतं. लिफ्ट आली, उघडली, मिटली आणि माझ्याशिवाय खाली गेली. खोकला चालूच होता.

मग मी जिन्याने उतरले. तो खोकला प्रत्येक मजल्यावर ऐकू येत होता. स्वारगेट आलं तरी येतच होता.