डाळीतली तार

“गप ऱ्हावा जरा. बोलू द्या त्याला.”

तुकडा पदराला पुसून मावशी डाव्या तळहातावर ठेवत, मूठ मिटत आणि आम्हाला असं दटावत. लातूरच्या ज्या डाळमिलमध्ये मी सुपरवायझर आहे, तिथे त्या निवडणीला होत्या. पोत्यात भरण्याआधी डाळ मेटल डिटेक्टरखालून जाते. तो वाजला की सापडलेला तुकडा मावशींकडे न्यायचा आणि त्या सांगतील ते मी वहीत लिहायचं, असा रिवाज होता.

तुम्ही तिथे असतात तर माझ्यासारखेच हसला असतात. एकदा इवलासा वाकडा तुकडा निघाला. मी म्हटलं, खिळा.

“पोलक्याचा हूक हाय, सायेब. तूर वाळवायला बाई होती.”

दुसऱ्या वेळी, “दाभणाचं टोक. पोतं शिवणारा लई घाईत होता.”

एका हंगामात त्रेसष्ट नोंदी झाल्या. ‘ओळखले नाही’ असं फक्त दोन नोंदींपुढे आहे.

मागच्या उन्हाळ्यात शिरूर अनंतपाळचा एक शेतकरी तुरीची दुसरी खेप टेम्पोत घेऊन गेटवर आला. त्याच्याच पहिल्या खेपेची डाळ आत भरली जात होती, तेवढ्यात डिटेक्टर वाजला. बोटाच्या पेराएवढ्या लांबीची बारीक तार होती. मी मावशींना विचारलंच नाही. ‘मळणीयंत्राची तार, माल परत’ असं लिहिलं आणि टेम्पो वळवायला सांगितला.

शेतकरी धावत आत आला. “मशीन नवंकोरं हाय माझं, सायेब. एकदा असं नाव खराब झालं तर माझी तूर लातुरात कोण घेईल?”

मी त्याच्यापुढे वही धरली. मावशी उठल्या. तूर मशीनमध्ये पडते त्या तोंडाशी, चाळणीच्याही वर, लोखंड धरायला चुंबक बसवलेला असतो; तार घेऊन त्यांनी त्याला लावली. ती चिकटली नाही, खाली पडली.

“मळणीची तार लोखंडी असती. चुंबकानं ती वरच धरली असती. ही कामून सुटली?”

मी वाकून तार उचलली.

“आपल्या इस्टीलच्या चाळणीची हाय ही. त्यांची न्हाई.”

मिलचे मालक शेजारीच उभे होते. मावशींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मिल थांबवली. चाळणीची जाळी तीन ठिकाणी तुटलेली होती; उरलेले दोन तुकडे खालच्या पन्हळीत अडकलेले मिळाले. सकाळपासून भरलेली अडतीस पोती पुन्हा डिटेक्टरखालून काढली. एकदाही वाजला नाही. मी नोंद खोडली, शेजारी सही केली आणि शेतकऱ्याची माफी मागितली. टेम्पो आत आला.

“तुमी टेम्पो बघितला, सायेब,” मावशी निवडायला बसता बसता म्हणाल्या. “तार न्हाई बघितली.”

यंदा त्या उमरीला लेकीकडे राहायला गेल्या. गेल्या महिन्यात पितळेची एक चकती निघाली. कुणालाच ओळखता येईना. लेकीच्या फोनवर फोटो पाठवला, मग फोन लावून चकतीचं वर्णन करू लागलो, तर मावशींनी मधेच तोडलं.

“गेटवर कुणाचा टेम्पो आडवलाव का?”

“नाही मावशी. आधी आपली मशिनं उघडून बघतोय.”

“मंग ठिवा तशीच. इकडं याल तवा आणा. फोटूत वजन कळत न्हाई.”

चकती माझ्या खणात आहे. वहीत तिच्यापुढची जागा मी कोरी सोडली आहे.