रिकाम्या खुर्च्या आणि उभी मुलगी

मैत्रिणींनो, भाचीच्या साखरपुड्याहून आत्ताच सानपाड्याला घरी आले, पण मन त्या वाशीच्या हॉलमध्येच राहिलंय.

कार्यक्रम सांभाळणारी इव्हेंट कंपनीची मुलगी सकाळपासून कानात इअरपीस घालून उभी होती. नाव लिहीत नाही, तिचं काम जाईल. अधूनमधून ती माझ्याजवळ येऊन गुडघ्यावर बसायची आणि खुर्चीची रिबन बांधायची. रिबन सुटलेलीच नव्हती.

"पाय दुखतात का गं?"

ती हसली. "आंटी, असं बसलं की तेवढाच आराम. पाहुण्यांच्या खुर्चीवर आम्ही बसायचं नसतं." मग हळूच म्हणाली, "पाचवा महिना आहे. ऑफिसात कळलं तर लग्नाच्या सीझनची कामं देणार नाहीत."

मी तिला हाताला धरून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं. तेवढ्यात कॅमेरा वळला आणि स्टेजवरच्या मोठ्या पडद्यावर आम्ही दोघी दिसलो. "सॉरी सर, सॉरी," इअरपीसवर बोलत ती ताडकन उठली.

मग मीही तिच्याशेजारी उभी राहिले. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर शिक्षा म्हणून एकीला उभं करायच्या, तेव्हा आमचा अख्खा बाक उभा राहायचा, तशी.

लगेच तिघेजण खुर्च्या घेऊन धावले. "मावशी, बसा ना! पाय दुखतील!"

तिला कोणीच बस म्हणालं नाही. तुमच्या घरच्या कार्यात ही मुलं कुठे बसतात, कधी पाहिलंत?