ताईच्या पेल्यातला सोडा

ताईच्या घशाला मुंबईच्या इस्पितळात किरणांचे शेक देऊन संपले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाठ विरघळली आहे, आता वजन तेवढं उतरू देऊ नका. ऐकून मला हायसं वाटलं. वजन म्हणजे खाणं, आणि आमच्या घरात खाण्याचं सगळं ताईच बघायची. पळसदरीच्या त्या घरात आधी चूल होती, पुढे गॅस आला, पण मी त्यातल्या कशाहीपुढे कधी उभा राहिलो नव्हतो. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. ताईचा नवरा लवकर वारला होता, ती माहेरी परतली आणि तिनेच मला वाढवलं. अंगणवाडीत मदतनीस होती. सकाळी तिथे, दुपारून आमच्या भातशेतीच्या तुकड्यात. माझं लग्न कुठे जमलं नाही. खालापूरकडच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागलो आणि तिच्या हातचा डबा नेत राहिलो. तिला व्यसन म्हणावं असं काही नव्हतं, फक्त सकाळी दातांना तंबाखूची मिश्री लावायची. गावातल्या तिच्या वयाच्या सगळ्याच बायका लावत.

शेकांनी आलेले तोंडातले फोड सुकले, पण लाळ सुटेना आणि चवही परतेना. भात मातीसारखा लागतो म्हणायची, डाळीला लोखंडाचा वास येतो म्हणायची. ती स्वयंपाक करायची, मला वाढायची आणि स्वतः भिंतीला टेकून बसायची. पुढे पुढे उभं राहणंही होईना, तेव्हा शेजारच्या वहिनी भाजी-भाकरी देऊन जाऊ लागल्या. इस्पितळात आहार सांगणाऱ्या बाईंनी दूध, साय, आइस्क्रीम, जे उतरेल ते द्यायला सांगितलं होतं. दूध तिच्या कोरड्या घशात चिकटून बसायचं. मग ती इतकी खाकरायची की प्यायलेलंही बाहेर यायचं.

उन्हाळ्यात एकदा तपासणीहून परत येताना आम्ही कर्जतला उतरलो. पुढच्या गाडीला वेळ होता, म्हणून स्टेशनबाहेरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात पंख्याखाली बसलो. मी माझ्यापुरता एक मिल्क सोडा मागवला. गुलाबाचं सरबत, वर थंड दूध आणि साय, त्यावर सोडा. ताईने तो पेला स्वतःकडे ओढला. एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला. अर्धा पेला गेला तरी ती खाकरली नाही.

"ह्ये चिकटत नाय रं," ती म्हणाली.

दुकानदाराला मी सगळं खोदून विचारलं. तो भला माणूस होता. त्याने सांगितलं की दूध बर्फासारखं थंड पाहिजे, नाहीतर सोड्याने फाटतं, आणि सोडा पेल्याच्या कडेने धार धरून सोडायचा. मी सरबताची बाटली आणि सोड्याच्या लहान बाटल्या घेऊनच गाडीत चढलो. मोठी बाटली उघडली की दुपारपर्यंत तिच्यातला वायू निघून जातो, हेही त्यानेच सांगितलं होतं.

घरी केलेला पहिला पेला उतू जाऊन ओट्यावरून खाली गेला. दुसऱ्यांदा, घरचं आहे म्हणून, मी कोकमाचं आगळ घातलं. दुधाचे गोळे झाले आणि वर गुलाबी पाणी तरंगू लागलं. ताई खाटेवरून बघत होती. आंबट आणि दूध एकत्र घालतात का कुणी, असं तिने विचारलं. आजारपण सुरू झाल्यापासून तिने मला रागावल्याची ती पहिली वेळ होती. मला ते बरं वाटलं.

मग हात बसत गेला. वहिनींच्या म्हशीच्या दुधाची साय मी रात्री काढून ठेवायचो, सकाळी साखर घालून रवीने घुसळायचो. ती जास्त घुसळली तर लोणी येतं, कमी घुसळली तर सोड्यात तुकडे तुकडे तरंगतात. सरबत तळाला, मग दूध, मग सोडा, आणि शेवटी चमच्याच्या पाठीवरून साय. वाळ्याचा हिरवा, वेलचीचा पांढरा, आंबे आले तेव्हा रसाचा पिवळा. कारखान्यात मशीनपुढे उभा असताना माझ्या डोक्यात उद्याचा पेला असायचा. पाळीला निघण्याआधी एक करून द्यायचो, आल्यावर एक. ताई प्रत्येक वेळी पेला संपवून खाली ठेवायची आणि चांगला झालाय म्हणायची. आठवड्याने मी तिला पिठाच्या गिरणीत नेऊन तिथल्या काट्यावर उभी करायचो. काही आठवडे काटा तिथल्या तिथे राहिला. मला वाटलं, आपण जिंकलो.

पावसाळा लागून बरेच दिवस झाले होते. सकाळच्या पाळीची घाई होती, दिवे गेलेले. अंधारातच साय घुसळली, वाळा घातला, सोडा सोडला आणि तिला दिला. ती बसून सावकाश सगळा प्यायली, ओठ पुसले आणि चांगला झालाय म्हणाली. भांड्यात उरलेली साय मी बोटाने चाटली आणि मोरीत जाऊन थुंकलो. साखरेच्या जागी मीठ पडलं होतं.

मी तिच्यापुढे जाऊन बसलो. ताई, हे खारट आहे, तुला कळलं नाही का, असं विचारलं. तिने रिकामा पेला माझ्या हातात दिला.

"चव मला कंदीच लागली नाय," ती म्हणाली. "निस्ता तो सोडा जिभेला टोचतो, तेवढं कळतं. आन् तू एवढ्या हौशीनं करतोस, तर नको कसं म्हनू?"

मी त्या दिवशी कामावर गेलो नाही. तिला विचारलं, मग तुला काय देऊ. ती म्हणाली, नुसता सोडा दे, त्यात दुसरं काही घालू नको. मी बाटली उघडली. ती लहान लहान घोट घेत राहिली आणि प्रत्येक घोटाला डोळे मिटत होती. दूध-साय तिच्या अंगाला लागतं म्हणून ते पेले मी नंतरही केले, पण रंगांची हौस गेली. गुलाबाचंच एक सरबत वापरायचो, आणि ते झालं की तिला वाटीभर नुसता सोडा द्यायचो. चांगला झालाय असं ती पुन्हा म्हणाली नाही. आमच्यातलं तेवढं एक खोटं संपलं होतं.

गणपती गेले आणि काटा खाली सरकू लागला. मग खोकला आला. मुंबईला नेलं तर डॉक्टरांनी फोटो बघून आता छातीत पसरलंय म्हणून सांगितलं. नाकातून नळी घालून अन्न देता येईल, असंही म्हणाले. ताईने मान हलवून नाही म्हटलं आणि मला घरी चल म्हणाली. शेवटच्या दिवसांत सोडाही गिळवेना. मी कापूस त्यात बुडवून तिच्या ओठांना लावायचो. भात कापायला आलं होतं, शेत वहिनींच्या घरच्यांनी कापलं. ताई गेली तेव्हा दुपार होती आणि अंगणात भारे रचणं चाललं होतं.

तेराव्यापर्यंत शेजारून जेवण येत राहिलं. त्यानंतर मी पुरे म्हणून सांगितलं. संध्याकाळी तांदूळ धुतले, कुकर चढवला, आणि हातात तांब्या घेऊन उभा राहिलो. पाणी किती घालायचं, हे तिला विचारायचं राहूनच गेलं होतं. अंदाजाने ओतलं. भाताचा लगदा झाला. लोणच्याशी तो खाल्ला, भांडं घासून पालथं घातलं आणि दार लावून घेतलं.