झरीनाला दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे – अर्धं सांगितलंय, मागच्या शुक्रवारी, नवऱ्याला. उरलेलं अर्धं मात्र कुणालाच नाही. आणि खरी गोष्ट त्या उरलेल्यातच आहे.

आधी मी कोण ते सांगते. कतारमधल्या मेसईदच्या कंपनी क्वार्टर्समध्ये एकोणीस वर्षं राहतेय. नवरा, मिलिंद, खताच्या कारखान्यात इंजिनिअर. माहेर नाशिकचं. आणि इथल्या मराठी मंडळींत माझं नाव आहे – ‘ॲडमिशनवाल्या अनघाताई’. हसू नका, खरंच आहे. कुणाचं पोर दहावीला गेलं की आईबाप त्याला घेऊन माझ्या डायनिंग टेबलाशी येतात. पोर इंग्रजीत कुरकुरतं, “बट आंटी, आय डोन्ट लाइक बायो,” आणि मी माझा तक्ता उलगडते. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने काढलेला. दहावीनंतर अकरावी-बारावी, नाहीतर तीन वर्षांचा डिप्लोमा. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. बीए, बीएस्सी तीन वर्षांचं, आता चार वर्षांचंही. हल्ली तर मधे सोडलं तरी रिकाम्या हाताने घरी जावं लागत नाही – एका वर्षाचं सर्टिफिकेट, दोन वर्षांचा डिप्लोमा. दोह्यातच शिकायचं तर काय, भारतात शिकून इकडे परत यायचं तर डिग्रीवर कुठले शिक्के लागतात – सगळं मला तोंडपाठ.

हे सगळं मला कसं काय माहीत, असं कधी कुणी विचारलं नाही. विचारायचंच कशाला? बाई बीएस्सी आहे ना!

तर – मी बीएस्सी नाही.

तिसऱ्या वर्षाला फिजिकल केमिस्ट्रीत नापास झाले. लग्न मे महिन्यात झालं, निकाल जूनमध्ये लागला. कॉलेजच्या बोर्डावर मी एकटीनेच पाहिला आणि दोन्ही घरी सांगितलं, सेकंड क्लास. मार्कलिस्ट कुठे, असं बाबांनी विचारलं की ती सासरी असायची. मिलिंदने विचारलं की माहेरी. बिचारी मार्कलिस्ट! जन्मालाही न येता किती फिरली.

इथल्या शाळेत लॅब असिस्टंटची जागा निघाली तेव्हा जरा धांदल उडाली. मिलिंद उत्साहाने सर्टिफिकेट साक्षांकित करण्याचे फॉर्मच घेऊन आला. मी म्हटलं, मुलं लहान आहेत, राहू दे. त्यानंतर तो चारचौघांत सांगू लागला – अनघाने मुलांसाठी करिअर सोडलं. मी खाली बघून हसायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

हे अर्धं मिलिंदला सांगितलं, तेव्हा त्याच्या हातात चहाचा कप होता. तो एवढा हसला की चहा सोफ्यावर. “म्हणजे माझ्या सायन्सच्या चुका तू एकोणीस वर्षं काढतेयस, तेही नापास होऊन?” त्या दिवसापासून घरात काही करपलं की तो ‘फिजिकल केमिस्ट्री’ म्हणतो. झालं. इतकी वर्षं ज्याला घाबरले ते असं चहाच्या डागावर निभावलं.

पण झरीनाचं – ते मी त्यालाही सांगितलं नाही.

झरीना आमच्या मागच्या ओळीत राहते. रत्नागिरीची. तिचा नवरा बंदरावर क्लार्क आहे. बीएचं दुसरं वर्ष झालं आणि तिचं लग्न होऊन ती इकडे आली. वाचायची फार आवड. माझ्याकडची मासिकं न्यायची आणि परत देताना त्यातल्या कथांवर माझ्याशी भांडायची. सात वर्षांपूर्वी आम्ही दोघी दोह्याला खरेदीला निघालो होतो, कंपनीच्या बसने. तिच्या मांडीवर शेवचिवड्याची पिशवी होती. मधेच म्हणाली, “ताई, एक विचारू काय? माझं बीए अर्धं राहिलंय. आता पुरं करता येईल काय?” तिच्या मुलीच्या शाळेत छोट्या वर्गासाठी बाई हवी होती, पुढच्या दोन-तीन वर्षांत आणखी जागा निघणार होत्या. डिग्री मात्र लागणार होती.

मला उत्तर माहीत होतं. मुक्त विद्यापीठात वयाची अट नाही. नव्याने नाव घालायचं, पुस्तकं घरी येतात, परीक्षा सुटीत गावी जाऊन देता येते. मला हे इतकं पक्कं का माहीत होतं? कारण मी ते स्वतःसाठी शोधलं होतं. फॉर्म उघडून, नावाच्या रकान्यापर्यंत जाऊन, बंद केला होता. एकदा नाही, तीनदा.

आणि मी तिला म्हटलं, “नाही गं. इतकी वर्षं गेली की मुदत संपते. आता खलास.”

का म्हटलं? तिने माझं काय बिघडवलं होतं? काहीच नाही. ती माझ्यासारखीच अर्धवट होती, आणि मला ती तशीच राहायला हवी होती. ती पुढे गेली असती तर मला घरी बसून रोज आठवलं असतं, की हे मलाही जमलं असतं. एवढंच कारण. याहून बरं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

ती “बरं” म्हणाली. मला चिवडा दिला. मी तो खाल्ला.

दोन वर्षं तिने पुन्हा विषय काढला नाही. त्या दोन वर्षांत शाळेत जागा निघाल्या आणि भरल्याही. मग एका दुपारी ती धावत माझ्या दारात आली, ओढणी खांद्यावरून घसरलेली, हातात मोबाइल. मुलगी कॉम्प्युटरवर काहीतरी शोधत असताना तिला ते दिसलं होतं. “ताई, करता येतंय! नियम बदलला वाटतं!”

बघा, काय माणूस आहे. मी खोटं बोलले असेन, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. माझ्यासाठी सबब तिनेच शोधून आणली, आणि मी ती घेतली. “हो,” म्हटलं, “बदलला असेल.”

तीन वर्षं तिने अभ्यास केला. भाकऱ्या थापताना समोर पुस्तक. उन्हाळ्यात रत्नागिरीला जाऊन परीक्षा. मी तिला नोट्स काढून दिल्या, तिची उजळणी घेतली – मनापासून घेतली हो, आणि त्यात मजाही फार आली. इतिहासातल्या राजांची नावं ती कारखान्यातल्या साहेबांना देऊन लक्षात ठेवायची. ती फर्स्ट क्लासने पास झाली. क्वार्टर्सच्या हॉलमध्ये बिर्याणी झाली, आणि सगळ्यांसमोर तिने सांगितलं की हे अनघाताईंमुळे झालं. टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कारही केला.

शाळेतली जागा तिला अजून मिळालेली नाही. त्या दोन वर्षांत ज्या शिक्षिका लागल्या त्या सगळ्या टिकून आहेत.

काल ती पुन्हा आली. एमए करायचंय म्हणाली. मी सगळं नीट सांगितलं: दोन वर्षं, कुठे नाव घालायचं, शेवटची तारीख कुठे बघायची. काही लपवलं नाही. ती हसत हसत चप्पल घालू लागली. म्हणाली, “आजच फॉर्म भरते, ताई. नियम परत बदलायच्या आत.”

नियम बदललाच नव्हता, झरीना. बसमध्ये तू विचारलंस तेव्हाही तो हाच होता. आणि मला माहीत होता.