मामांच्या पोटावरची डबी

फोन मामेभावाचा, दत्ताचा होता. "ताई, आबा गेले गं…" माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "पोटातली धमनी फुटली का रे?" "न्हाई. न्यूमोनियानं गेले. डॉक्टर म्हणले, पोटातलं पार शाबूत हाय." रडता रडता मला हसू फुटलं. मामा जिंकले होते!

मामा नांदूरघाटच्या दूध सोसायटीचे चेअरमन. दुष्काळात सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली, तेव्हा मी पुण्याहून भेटायला गेले होते. जेवण झाल्यावर विडी ओढून मामा डेअरीतल्या बाकड्यावर उताणे पडले, चष्म्याची डबी पोटावर ठेवून. ती डबी नाडीच्या ठेक्यात उडत होती. रक्तवाहिन्यांवर संशोधन करणारी मी, लगेच शंका आली. बीडला नेऊन सोनोग्राफी केली. पोटातली महाधमनी फुग्यासारखी फुगलेली, कधीही फुटेल अशी. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा.

"छावणी कुणाच्या जिवावर सोडू? पाऊस पडू दे, मग बघू," मामा म्हणाले. मी भडकलेच. पाऊस पडेपर्यंत धमनीची भिंत थांबणार आहे का, असं म्हणत सगळं सांगितलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी रोगाशी लढतात. धमनीच्या भिंतीला इजा झाली की त्या दुरुस्तीला धावतात, पण कधी कधी तिथंच ठाण मांडतात, आणि त्यांच्यातून सुटणारा रस भिंतीचे लवचिक धागेच खात सुटतो. विडीचा धूर त्यांना रोज नवं आवतण देतो.

"म्हंजे बाहेरचा दुश्मन न्हाईच? आपलेच?"

"आपलेच, मामा."

मामा खो खो हसले. "आपल्या पाइपलाइनीचं बी आसंच झाल्तं माय. गळती बुजवायला गेले अन् टिकाव घालू घालू सगळा पाइपच खिळखिळा केला!"

संध्याकाळी विड्यांचा कट्टा चुलीत गेला. छावणीची किल्ली त्यांनी साहेबरावांच्या हातात ठेवली. हे साहेबराव म्हणजे सोसायटीच्या दर निवडणुकीतले त्यांचे विरोधक, एकमेकांच्या चहालाही न शिवणारे. "तुमीच बघा आता. एक बी जनावर उपाशी राह्यलं तर वापस येऊन गचांडी धरीन."

ऑपरेशनमध्ये जांघेतून धमनीत जाळीची नळी बसवली. मामा परतले तेव्हा एकही दावण रिकामी नव्हती आणि साहेबरावांच्या दाढीत कडब्याची कुसं अडकली होती. दोघांनी भर डेअरीत मिठी मारली… काय सुंदर दिवस होता तो!

पुढं मामांनी नवाच छंद लावून घेतला. दूध घालायला आलेल्या प्रत्येक विडीबाज म्हाताऱ्याला बाकड्यावर आडवं करायचं, पोटावर डबी ठेवायची आणि ती हलो न हलो, सोनोग्राफीला पिटाळायचं. त्यातून दोघांचे फुगे वेळेत सापडले. फक्त साहेबराव काही केल्या आडवे होत नसत.

तेराव्याला मी डेअरीत डोकावले. साहेबराव बाकड्यावर उताणे पडले होते, सदरा वर करून, पोटावर मामांची डबी.

"बघ गं ताई, उडायली का?"

डबी जागची हलली नव्हती. तरी मी म्हटलं, "सोनोग्राफी करावीच लागेल."

"करतो की," डोळे पुसत ते म्हणाले. "चेअरमनचा हुकूम हाय."