पाळकीणबाईंचं अब्राहामाशी भांडण

आमच्या पाळकीणबाईंचं अब्राहामाशी कायमचं भांडण होतं. मुरुमच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत, देवानं सांगितलं म्हणून अब्राहाम पोटच्या इसहाकाला बळी द्यायला निघाला, ही बायबलातली गोष्ट पाळकसाहेब वाचू लागले, की त्यांच्या या पत्नी पुढच्या चटईवरून विचारायच्या, "पण पोराच्या आईला इचारलं का?" साहेब चष्मा पुसत म्हणायचे, "अगं, तो काळ निराळा होता."

"काळ निराळा, पण आई ती आईच की!"

निजामाचं राज्य जाऊन मतदान सुरू झालं, तेव्हापासून त्यांचा जोर वाढला. "आता आपलं बी मत इचारत्यात," म्हणत त्या बायबलातल्या एकेका पूर्वजाची उलटतपासणी घेत. दासी हागारेला रानात हाकललं म्हणून अब्राहामाची बायको साराही सुटली नाही. राजानं बोलावूनही मेजवानीत न गेलेली वश्ती राणी मात्र फार लाडकी. स्वतः त्या साहेबांच्या एका हाकेला हातातली भाकर टाकून धावत. आम्ही ते दाखवून दिलं, तर म्हणत, "त्यांनी कुठं मेजवानीत बोलावलंय?"

आमचे वडील वारले. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नव्हता. थोरले काका म्हणाले, "पोरी परक्या घरी जाणार. रान माझ्याकडं राहील." आई आम्हाला घेऊन रडतच पाळकांच्या घरी गेली. बाईंनी काकांना बोलावून घेतलं, चहा दिला आणि सलाफहादाच्या मुलींची गोष्ट वाचली. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्या बहिणी पुढारी मोशेपुढं उभ्या राहिल्या आणि देवानं त्यांचा जमिनीतला वाटा मान्य केला.

काकाही बायबल वाचणारे. म्हणाले, "पुढं वाचा की. त्या पोरींनी आपल्याच वंशात लग्नं करावी, असं बी लिहिलंय."

बाईंनी पुस्तक मिटलं. "ते त्या काळापुरतं."

"आन् हे?"

"हे सगळ्या काळासाठी."

"कुणी ठरवलं?"

बाई मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडून पानं चाळू लागल्या. त्यांना तसं मी पहिल्यांदाच पाहिलं. तेवढ्यात कोपऱ्यातून पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "मी ठरवलं. येत्या रविवारी उपदेशात सगळ्या मंडळीपुढं हेच सांगणार आहे. तुम्ही पुढं बसा."

काका चहा अर्धा ठेवून उठले. पण रविवारच्या आधीच आमच्या दारी आले आणि आईकडं न बघता म्हणाले, "रान पोरींचंच. बांधावरची बाभळ तेवढी मला राहू द्या."

त्या वर्षीच्या पेरणीला पाळकीणबाई हौसेनं आल्या. पदर खोचून तिफणीमागं चालत त्यांनी बी सोडलं. हाताला सवय मुळीच नव्हती. जोंधळा उगवला तो कुठं गच्च, कुठं अगदीच मोकळा. तोवर साहेबांची बदली होऊन ती दोघं दूर गेली होती. बाईंनी तो पाहिलाच नाही.

वाटेनं जाणारे हसून विचारायचे, "ही पेरणी कुणाची वं?"

आई ताठ मानेनं सांगायची, "आमच्या बाईंची."