चार हजार सहाशे आठ अंशांची केळी

राग मला पटकन येतो, आणि फोनवर तर फारच. समोरचं माणूस दिसत नसलं की माझ्या जिभेला लगाम राहत नाही. या रागापायी सावद्याच्या एका व्यापाऱ्यांची चेंबरभर केळी मी मातीत घालायला निघाले होते.

जळगावात माझं इलेक्ट्रॉनिक्सचं छोटंसं दुकान आहे. केळी पिकवायच्या थंड खोल्यांना आमच्याकडे चेंबर म्हणतात. त्यांचं तापमान सांभाळणारे डबे मी बनवून देते. सावद्याच्या त्या व्यापाऱ्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्या चेंबरचा डबा बंद पडला होता. चेंबरमधला तापमान मोजणारा सेन्सर मात्र जुना असूनही धडधाकट होता. तो तसाच वापरून मी नवा डबा करून दिला. रमजान तोंडावर आला होता. पहिल्या रोज्याच्या सकाळी चाचांची गाडी फैजपूर-चाळीसगावच्या फळवाल्यांकडे निघायची होती, आणि चेंबर टाकल्यापासूनचा हा त्यांनी गिऱ्हाइकांना दिलेला पहिलाच मोठा शब्द होता.

निघण्याआधी दुकानात मी सेन्सर डब्याला जोडून पाहिला. एसी चालू होता. डब्यावर आकडा आला पंचवीस पूर्णांक सात. टेबलावरच्या थर्मामीटरवरही तोच. झालं! तेवढ्यात चहा आला, मी वायर काढली आणि डबा पिशवीत टाकला. दुसऱ्यांदा बघायचे कष्ट कोण घेतो!

सावद्यात डबा बसवला. कच्च्या केळीची कॅरेटं आत लागली, आणि डब्यावरचा आकडा न बघताच मी ऐटीत सांगितलं, "आता कुणी हात लावायचा नाही. सगळं आपोआप."

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांचा फोन. "ताई, तुमचा डबा चार हजार सहाशे आठ अंश दाखवतोय. आम्ही केळी पिकवतोय की लोखंड वितळवतोय?"

मी सोल्डरिंगला बसले होते, बोट भाजलं. "चाचा, चष्मा लावून बघा! आणि कृपा करून त्याला हात लावू नका," म्हणत फोन आपटला.

बिचाऱ्यांनी खरंच हात लावला नाही. तासा-दीड तासानं पुन्हा फोन वाजला. आता माल निवडणाऱ्या अक्का बोलत होत्या. मूळच्या धुळ्याकडच्या, भीडभाड ठाऊक नाही. "व माय, तुना डबा खोटं बोलस. हात लाईसन देख, बठ्ठा माल थंडा व्हई गया शे! मी बटन बंद करी टाकं."

सगळा माल गार पडलाय म्हणजे काय, ते मला लगेच कळलं. डब्याला वाटत होतं की आत भट्टी पेटलीय, म्हणून तो कॉम्प्रेसर थांबवतच नव्हता. माल शेतातून गरम आलेला, त्यामुळे पहिल्या दिवशी हे खपून गेलं. पण अठरा अंशांच्या फार खाली गेलं की केळीला चिलिंग लागतं. मग ती राखाडी पडते, देव आला तरी पिवळी होत नाही. मी स्कूटर काढली आणि सावद्यापर्यंत स्वतःला शिव्या देत गेले.

चूक काय होती, ते वाटेतच उमगलं. सेन्सर आकडा दोन खान्यांत घालून पाठवतो. एका खान्यात दोनशे छप्पनचे गठ्ठे, दुसऱ्यात सुटे. जुन्या सेन्सरचा प्रोसेसर आधी गठ्ठे पाठवतो, माझ्या डब्यातला नवा प्रोसेसर आधी सुटे मागतो. दोन घराण्यांच्या दोन चाली. चूक कुणाचीच नाही, पण मध्ये उलटून द्यायचं काम माझं होतं. सेन्सर दशांश मोजतो, म्हणून अठरा अंश म्हणजे त्याच्या भाषेत एकशे ऐंशी: गठ्ठे शून्य, सुटे एकशे ऐंशी. माझ्या डब्यानं त्याचे एकशे ऐंशी गठ्ठे केले, म्हणजेच चार हजार सहाशे आठ अंश. आणि दुकानातले पंचवीस पूर्णांक सात? दोनशे सत्तावन्न. एक गठ्ठा, एक सुटा. उलटा करा नाही तर सुलटा, तेवढंच! सगळ्या आकड्यांत नेमका तोच माझ्या वाट्याला यावा, याला काय म्हणावं!

चेंबरच्या दारात चाचा उभे होते. मी लॅपटॉप उघडून प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, खाने उलटवले. आकडा आला पंधरा पूर्णांक दोन.

"सेन्सर जुना, त्याचाच दोष असेल," चाचा म्हणाले. मला आयतीच पळवाट दिली त्यांनी. तोंडात "हो" आलंही होतं.

"नाही चाचा. दोष माझा. एकदाच तपासलं मी. आणि वर तुम्हाला चष्मा लावायला सांगितलं." मग लाज वाटून मी खान्यांची भानगड समजावत सुटले.

चाचांनी दाराजवळच्या पाटीकडे बोट केलं. शेताचं नाव उर्दूत, उजवीकडून डावीकडे. पुढे कॅरेटांचा आकडा, डावीकडून उजवीकडे. "हे तर आमचं रोजचंच आहे ताई. वाचणाऱ्याला माहीत पाहिजे, बस." रागावले असते तर बरं वाटलं असतं मला.

माल वाचला की गेला, हे दोन दिवस कळणार नव्हतं. ते दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

पहिल्या रोज्याच्या सकाळी मी न बोलावता गेले. अक्कांनी दार उघडलं. पिवळंधमक! फक्त पंख्याजवळची दोन-तीन कॅरेटं मळकट दिसत होती. गाडी दाराशी लागली होती. चाचांनी एक केळं तोडून माझ्या हातात दिलं.

"खाऊन बघ बेटी. माझा रोजा आहे, मला संध्याकाळपर्यंत कळायचं नाही. तू म्हणशील तसं."

ज्या माणसाला मी चष्मा लावायला सांगितलं होतं, तो मला म्हणत होता, तू म्हणशील तसं. डोळे भरून आले माझे. त्यांच्यासमोर खाववेना, पण खाल्लं. मग वरच्या थरातलं एक घेतलं, अगदी तळातलं एक घेतलं, आणि पंख्याजवळचंही. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. अक्का हसून म्हणाल्या, "हाई पोरगी बठ्ठी गाडी खाई जाई!"

"पंख्याजवळची नका पाठवू, ती तुरट आहेत," मी चाचांना म्हणाले. "बाकीची गोड आहेत."

"भरा रे," चाचा म्हणाले.